नंबराचा पत्रा

सहदेव काकांवर मी जितकी चिडले असेन तितकी स्वतःच्या नवऱ्यावरही चिडलेली नाही, आणि माझा नवरा काय चीज आहे ते आमच्या गल्लीत कोणालाही विचारा. मी अस्मिता. विक्रोळीच्या टेकडीवर रिक्षा जिथे थांबते आणि पायऱ्या सुरू होतात, तिथून बरंच वर आमची बैठी चाळ आहे. मी ब्लाउज शिवते. माझं मशीन दारात आणि दारासमोर सहदेव काकांचं घर. त्यामुळे त्यांच्या घरात काय चाललंय ते बघायचं नसलं तरी मला दिसतं. बघायचं असतंच, ती गोष्ट वेगळी.

सहदेव राऊळ, मूळचे देवगडकडचे. सत्तरी ओलांडलेली, अंगाने काडी, पण आवाज असा की खालच्या नळावरच्या बायका दचकतात. अंगात बनियन आणि खाली खाकी हाफ पँट. ती हाफ पँट म्हणजे त्यांच्या वॉचमनच्या युनिफॉर्मची. एका कारखान्याच्या गेटवर त्यांनी नोकरी केली, रिटायर झाल्यावर उरलेल्या पँटी माझ्याकडे आणल्या, आणि मीच त्या गुडघ्यात कापून दिल्या. त्यांची बायको, आमची सुगंधा काकी, म्हणायची, "वॉचमन कसला रिटायर होतोय! नुसतं गेट बदललं. आता घराच्या गेटवर ड्युटी."

काकी परळात जन्मलेली. मालवणी तिला कामापुरतीच येते. काका मात्र इतकी वर्षं मुंबईत राहून गावचंच बोलतात. काकी जाड, गोरी, हसरी, आणि दम्याची पेशंट. हसायला लागली की खोकला, खोकला आला की पंप, पंप मारून झाला की राहिलेलं हसू पूर्ण करणार. मला ती माझ्या आईपेक्षा जवळची होती, हे मी माझ्या आईलाही सांगितलेलं आहे.

त्यांचं घर गल्लीतलं शेवटचं. तीन भिंती विटांच्या आणि चौथी, पश्चिमेकडची, पत्र्याची. त्या बाजूला लगेच उतार आणि खाली नाला. विटांचं वजन तिथे पेलत नाही, म्हणून टेकडीच्या कडेच्या सगळ्याच घरांना त्या अंगाने पत्रे ठोकलेले असतात. पत्रा म्हटला की गंजणार. पाच-सात वर्षांनी लोक तो बदलतात. मे महिन्यात आमच्याकडे नुसती ठोकाठोक चालते, दुपारी माणसाला डोळा लागू देत नाहीत. हल्ली सगळ्यांनी ते निळे, रंगीत, नवीन पद्धतीचे पत्रे लावलेत. हायवेवरून बघितलं तर टेकडीची कड निळी दिसते, आणि टोकाला एक तपकिरी ठिपका. तो ठिपका म्हणजे सहदेव काका.

बदलत का नाहीत? तर नंबरासाठी. काही वर्षांपूर्वी टेकडीवर सर्वे झाला. बिल्डिंग होणार, त्यात कोणाला घर मिळणार आणि कोणाला नाही, ते ठरवायला माणसं आली, घरोघरी मोजमाप झालं आणि प्रत्येक दाराशेजारी तांबड्या रंगात नंबर टाकला गेला. नेमका त्या आठवड्यात काकांनी दर्शनी भिंतीला नवीन गिलावा केला होता, तो ओला. म्हणून त्या माणसाने नंबर टाकला कोपऱ्यावरच्या पत्र्यावर. वाकडं अक्षर आणि शेवटचा आकडा खाली ओघळलेला. त्यानंतर बिल्डिंगचा पत्ता नाही. पुन्हा एकदा तपासणीला येणार, येणार, असं दर वर्षी कोणीतरी सांगतं. बाकीच्यांनी नंबराचा मोबाइलमध्ये फोटो काढला, पत्रे बदलले आणि विषय विसरले. काका विसरले नाहीत. त्यांनी त्या नंबरावर प्लास्टिकचा पडदा लावला. रोज सकाळी दात घासून झाले की पडदा उचलायचा, आकडे बघायचे, पडदा सोडायचा. काकी त्या पत्र्याला सवत म्हणायची.

आणि घर रिकामं सोडायचं नाही. का, तर शेजारचे लोक सर्वेच्या वेळी गणपतीला गावी गेले होते. दाराला कुलूप बघून त्या माणसाने "बंद" लिहिलं आणि पुढे गेला. ते कुटुंब अजून या ऑफिसातून त्या ऑफिसात फिरतंय. काकांनी ते डोळ्यांनी बघितलं. पण खरं कारण त्याच्याही मागचं आहे. तरुणपणी काका गिरणीत होते. संप लागला, हजारो गेले तसे तेही गावी गेले. परत आले तेव्हा मस्टरवर नाव नव्हतं. "मी हय असतंय तर माका काढूक गावला नसता," असं ते अजून म्हणतात. हे बरोबर नाही. जे मुंबईत थांबले होते त्यांच्या नोकऱ्या तरी कुठे राहिल्या? पण हे त्यांना सांगून उपयोग नाही, मी सांगून बघितलंय.

तर त्या घराला कुलूपच नव्हतं. कडी होती, पण कुलूप कधी लागलंच नाही. काकी गावी गेली की काका घरी. काका रेशनला गेले की काकी घरी. कोकणातल्या माणसाने गणपतीला गावी न जाणं म्हणजे काय, हे मी वेगळं सांगायला नको. काका सर्वे झाल्यापासून एकदाही गेले नाहीत. मुलीचं, श्रुतिकाचं लग्न टेकडीखालच्या हॉलमध्ये झालं. काका मंगलाष्टकांना आले, अक्षता टाकल्या, उभ्याउभ्या चार घास खाल्ले आणि पायऱ्या चढून परत. तेवढ्या वेळासाठी माझ्या सासूला त्यांच्या घरात बसवलं होतं. सासूने जेवण वर मागवून घेतलं आणि दोनदा जिलबी मागितली.

हे सगळं आम्ही हसण्यावारी नेत होतो. गेल्या वर्षीच्या मे महिन्यात ते हसणं थांबलं.

श्रुतिका मालाडला दिली आहे. नवरा-बायको दोघं नोकरी करतात. रविवारी ती आली ती काकीचे छातीचे फोटो घेऊनच. मी दारात काजं करत होते, सगळं ऐकू येत होतं.

"पप्पा, डॉक्टर काय म्हणाले माहितीये? घरात ओल आहे का, विचारलं. मी काय सांगू? भिंतीला आतून काळी बुरशी आहे म्हणून सांगू?"

"दरवर्षी डांबर लावतंय मी."

"डांबर नको पप्पा. भिंत बदला. या पावसाआधी. नाहीतर जूनमध्ये मी आईला मालाडला नेणार, आणि परत पाठवीन असं समजू नका."

ती गेल्यावर काकी माझ्याकडे आली आणि मशीनशेजारी बसली. चेहरा उतरलेला. "अस्मिता, मी तिकडे गुदमरेन गं. तिसऱ्या मजल्यावर दार लावून बसायचं. जावई चांगला आहे, नाही म्हणत नाही. पण जावयाच्या घरात मोकळेपणी शिंकता पण येत नाही. आणि हे इथे एकटे काय करतील? यांना भाताचं पाणी किती घालायचं ते माहीत नाही." मग जरा थांबून म्हणाली, "मला यांना सोडून राहायचं नाही."

मी तडक उठून काकांकडे गेले. काका म्हणाले, "माजा खंय नाय आसा? बदला भिंत. फक्त ह्यो एक पत्रो काढूचो नाय."

मी म्हटलं, फोटो काढून ठेवू. फोटोत पत्रा दिसतो, घर कोणाचं ते थोडंच दिसतं, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, नंबराचा तुकडा कापून नवीन भिंतीवर ठोकू. त्यावर ते खवळले. खालच्या गल्लीत एकाने असाच दुसऱ्याच्या घराचा कापलेला नंबर आपल्या भिंतीवर ठोकला होता आणि पकडला गेला होता. "कापलेलो नंबर बघलो की चोर समाजतले. अख्खो पत्रो होयो, जाग्यावर होयो." यात खोट काढायला मला काही सापडलं नाही, आणि त्याचाच मला जास्त राग आला.

शेवटी तोडगा निघाला. सगळी भिंत नवीन, कोपऱ्यावरचा तो एक पत्रा जुना. श्रुतिकाला फोनवर सांगितलं, भिंत बदलतोय. एका पत्र्याचं बोललो नाही. काशीराम पत्रेवाल्याला बोलावलं. मे महिन्यात काशीरामचा भाव लग्नसराईतल्या भटजीसारखा असतो, कानाला फोन आणि एक पाय पुढच्या घरी. त्याने बघितलं आणि म्हणाला, "जुन्याची नाळ, म्हणजे ही पन्हळ, गोल, नवीनची चौकोनी. एकावर एक बसणार नाय बरोबर."

"बसव," काका म्हणाले.

"बसवतो ना. मध्ये फोम मारतो, वरून टेप. हत्ती आला तरी पाणी येणार नाय."

हत्तीचा आणि पाण्याचा काय संबंध, हे कोणी विचारलं नाही. दोन दिवसांत भिंत उभी राहिली. निळी झकास भिंत आणि कोपऱ्यात तो गंजका, प्लास्टिकचा पडदा लावलेला. काकीने शिरा केला. पलंग पुन्हा त्या भिंतीला लागला, कारण दहा बाय बाराच्या खोलीत पलंगाला दुसरी जागा नसते.

जून बरा गेला. जुलैत वारा फिरला आणि कोपऱ्यावर समोरून झोडपायला लागला. फोम सुटला. जिथे गोल पत्रा आणि चौकोनी पत्रा एकमेकांना भेटत होते, तिथून पाण्याची बारीक धार आत यायला लागली, बरोबर पलंगाच्या उशाशी. काकांनी चिंध्या कोंबल्या. एम-सील लावलं. बाहेरून ताडपत्री बांधली, ती वाऱ्याने फाटली. मग काका पलंगाच्या उशाला टोप धरून बसायचे आणि म्हणायचे, "थोडाच गळता." काकीची गादी मोरीकडे सरकवली. तिकडे पाणी नव्हतं, पण ओल तर अख्ख्या खोलीत होती, ती कुठे सरकवणार?

काकी श्रुतिकाला काही कळू देत नव्हती. पोरगी संध्याकाळी व्हिडिओ कॉल करायची. त्या वेळेला काकी माझ्याकडे यायची, माझ्या कोरड्या भिंतीला टेकून बसायची, केस सारखे करायची, आणि फोन उचलायच्या आधी पंप मारून घ्यायची. "अगं, अस्मिताकडे बसलेय गप्पा मारत. घरी ना? सगळं मस्त. तुझे पप्पा काय, घराची राखण!" हसली की खोकला येईल म्हणून हसायची पण नाही. फोन ठेवला की बराच वेळ बोलू शकायची नाही. मी तिला म्हटलं, सांगून टाक. तर मान हलवायची. "ती मला घेऊन जाईल गं."

आणि एका दुपारी काकांचा आवाज आला, "अस्मिता! गो अस्मिता!" तो आवाज मी आधी कधी ऐकलेला नव्हता. काकी पलंगाच्या कडेला बसली होती, दोन्ही हात गुडघ्यांवर, खांदे वरखाली, आणि श्वास आत जात नव्हता. ओठ निळे पडले होते. पंप मारून काही होत नव्हतं.

आमच्याकडे आजारी माणसाला खाली न्यायचं म्हणजे प्लास्टिकच्या खुर्चीवर. गल्लीतली चार पोरं धावली. खाली बघितलं की काकीला चक्कर यायची, म्हणून खुर्ची उलटी धरली, तिचं तोंड घराकडे. मी तिच्या बाजूने पायऱ्या उतरत होते, डोक्यावर छत्री धरून. काका मागून येत होते. गल्लीच्या टोकापर्यंत आले, आणि थांबले.

"काका, चला!"

"घर उघडा आसा," ते म्हणाले. "कुलूप नाय."

"राहू दे उघडं! सासू आहे माझी!"

त्यांनी माझ्याकडे बघितलं, खुर्चीकडे बघितलं. ते रडत होते, हे मी शपथेवर सांगते. आणि मग ते वळले आणि गल्लीतून परत घराकडे चालत गेले.

खुर्चीवरून काकी बघत होती. तोंडाने बोलायची ताकद नव्हती. डोळे उघडे होते.

घाटकोपरला हॉस्पिटलात नेलं, ऑक्सिजन लावला. श्रुतिका मालाडहून आली ती ओल्या कपड्यांनीच आत शिरली. "पप्पा कुठेत?" काकीने मास्कच्या आतून तिच्याकडे बघितलं आणि डोळे मिटून घेतले. मी सांगितलं, घरी आहेत. श्रुतिका भिंतीला टेकून उभी राहिली आणि तोंडावर ओढणी धरून रडली. मला काकांना धरून बदडावंसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या घरात जाऊन बसले आणि म्हटलं, आता मी इथून हलत नाही, तुम्ही जा. गेले. पेज करून नेली, तिच्यात पाणी फार झालं होतं. काकीने ती खाल्ली म्हणे. दोघं गॅस संपत आलाय का, दूधवाल्याला सांगितलं का, एवढंच बोलले. डिस्चार्ज मिळाला तशी श्रुतिका काकीला थेट मालाडला घेऊन गेली. मला वाटलं होतं काकी भांडेल, हट्ट करेल, निदान घरून साड्या आणायला येईल. ती एक अक्षर बोलली नाही. साड्या मी पोचवल्या.

त्यानंतर काका दारात बसायचे ते आतच बसायला लागले. भात करपल्याचा वास यायचा. एका उघडिपीच्या दिवशी सकाळी ठोकाठोक ऐकू आली म्हणून मी बाहेर आले, तर काका स्टुलावर चढून नंबराच्या पत्र्याचे बोल्ट सोडवत होते. काशीराम खाली उभा, या वेळी फोन खिशात. बोल्ट गंजून बसलेले. काकांचा हात कापला, रक्त आलं, तरी काशीरामला हात लावू दिला नाही. पत्रा सुटला तेव्हा तो दोन्ही हातांनी धरून खाली उतरवला, पुसला, आत नेला आणि कपाटाच्या मागे उभा करून ठेवला. त्याच्या जागी नवीन निळा पत्रा बसला, नाळीवर नाळ.

मग त्यांनी खोली धुतली. बुरशी खरवडली, चुना मारला, पलंग उन्हात ठेवला, त्यावर नवीन चादर घातली. पुढच्या मुसळधार पावसात मी मुद्दाम जाऊन भिंतीला आतून हात लावून बघितला. ठणठणीत कोरडी होती. काकांनीही हात लावला आणि म्हणाले, "अस्मिता, माज्याबरोबर मालाडक येतंस? तिका आणूया."

मी म्हटलं, सासूला बसवते घरात. तर म्हणाले, "नको. कुलूप घेतलंय." खिशातून नवीन कुलूप काढून दाखवलं. कडी इतकी गंजलेली की तिच्यात कुलूप शिरेना. कानस घेऊन घासली, तेव्हा शिरलं. कुलूप लावून तीनदा ओढून बघितलं. किल्ली बनियनच्या आत, एका जुन्या नाडीला बांधून गळ्यात. मला इतका आनंद झाला होता की मी रिक्षात रस्ताभर बडबडत होते. काका बाहेर बघत होते. किती वर्षांनी ते टेकडीपासून एवढे लांब आले होते कोण जाणे.

काकीने दार उघडलं. रंग सुधारला होता, श्वास शांत. मला मिठी मारली. काकांना म्हणाली, "पाय पुसा." श्रुतिका रविवार म्हणून घरी होती, तिने पाणी दिलं आणि स्वयंपाकघरात गेली. काका सोफ्याच्या कडेला बसले.

"पत्रो काढलंय," ते म्हणाले. "अख्खी भिंत नवीन. हिका विचार. एक थेंब येत नाय."

"खरंच काकी," मी म्हटलं. "मी हात लावून बघितलं."

"चुना मारला का?" काकीने विचारलं.

"मारलंय. पलंग पण सुकवलंय. चल आता."

काकीने थेट त्यांच्याकडे बघितलं. "मी तुम्हाला वळताना बघितलं. तोंड तिकडेच होतं माझं."

"कुलूप नव्हता..."

"मला माहितीये कुलूप नव्हतं. इतकी वर्षं त्या घरात मी राहिले. मी हॉस्पिटलच्या दारापर्यंत म्हणत होते, येतील. मास्क लावला तोपर्यंत म्हणत होते." तिचा आवाज चढला नव्हता. काकांची मान खाली गेली. "आता घरी कोण आहे?"

"कोण नाय. कुलूप लावलंय."

"मग आज राहा इथे," काकी म्हणाली. "एक रात्र. घराला कुलूप लावून माझ्याजवळ राहा. सकाळी मी तुमच्याबरोबर येते. श्रुतिका नको म्हणाली तरी येते."

दारातून श्रुतिका बघत होती. काका म्हणाले, "ऱ्हवतंय." आणि मला वाटलं, झालं. सुटलं सगळं. मला भडभडून आलं.

श्रुतिकाने चहा ठेवला. जावयाची धुतलेली लुंगी काढून दिली, काकांनी पँट बदलली. जेवायला लवकरच वाढलं, काकीने स्वतः कुळथाची पिठी केली होती. काका जेवले, पण दोनदा हात छातीशी, किल्लीकडे गेला. काकी ताटाकडे बघत जेवत होती. तिने बघितलं असणारच.

मी निघाले. काका मला म्हणाले, "गेल्यार जरा बघ हां, कडी नीट आसा काय."

"बघते. तुम्ही निवांत राहा."

"लिफ्टपर्यंत येतंय." लिफ्टचं दार उघडलं, मी आत गेले, तर तेही आत आले. "खाली सोडतंय तुका." गेटपाशी म्हणाले, "रिक्षा गावपर्यंत उभो ऱ्हवतंय." रिक्षा मिळाली. मी बसले आणि सरकून पिशवी मांडीवर घेतली. आणि शेजारची सीट दबली.

"काका, उतरा."

"नुसता बघून येतंय."

"काका, मी तुमच्या पाया पडते. उतरा. वर ती वाट बघतेय."

त्यांनी समोरची दांडी दोन्ही हातांनी धरली होती. मी बाहेर डोकं काढून वर बघितलं. काकी तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत उभी होती. किती वेळ उभी होती माहीत नाही. मला वाटलं आता ओरडेल, रडेल. मी म्हणणार होते की मी त्यांना घेऊन येते वर, ओढून आणते. तेवढ्यात तिनेच हाक मारली.

"अस्मिता! कपडे तरी बदलून जा म्हणावं. लुंगी जावयाची आहे."

आणि ती आत गेली. गॅलरीचं दार लागलेलं मला खालपर्यंत ऐकू आलं.

रिक्षावाला मागे वळून बघत होता. काका उतरले नाहीत. मी शिव्या देऊन बघितलं, रडून बघितलं. मग रिक्षावाल्याला म्हटलं, चला. दिंडोशीच्या सिग्नलला गाडी थांबली तेव्हा त्यांनी दांडीवरून हात काढले, मांडीवरची लुंगी बघितली, आणि माझ्याकडे वळले.

"सांगलंय मां गो मी तिका? सकाळी येतंय म्हणान?"

"नाही काका," मी म्हटलं. "तुम्ही काहीच सांगितलं नाही."